एकाच पिशवीतली कॉफी आज आंबट, उद्या कडू: दोष नेमका कुठे शोधायचा?

तक्रार साधारण अशी असते. बिया चांगल्या घेतल्या, भाजल्याची तारीख बघून घेतल्या, वजनकाटा आहे, ग्राइंडर आहे. पहिल्या दिवशी कप छान झाला. दुसऱ्या दिवशी त्याच बिया, तेच पाणी, तीच पद्धत, आणि कप असा आंबट की तोंड वाकडं व्हावं. मग दळण बारीक केलं, पाणी आणखी गरम केलं, कॉफीही थोडी वाढवली. तिसऱ्या दिवशी कडूजहर. पुन्हा सगळं उलटं फिरवलं, तर पाणचट. असं महिनोन्महिने चालतं आणि शेवटी माणूस एकतर नवं यंत्र घेतो, नाहीतर साखरेखाली सगळं झाकून टाकतो.

दोष यंत्रात असतोच असं नाही, किंबहुना बहुतेकदा नसतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी अशी गत झालेली असते. पाणी चुकीचं असताना आपण दळण बदलत बसतो, बिया शिळ्या असताना तापमानाशी झटतो. शिवाय एका वेळी तीन गोष्टी बदलल्या की कप सुधारला तरी कशामुळे सुधारला ते कळत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी तो पुन्हा जमत नाही. कॉफीचा कप तीन गोष्टींवर उभा असतो: बी, पाणी आणि अर्क काढायची रीत. या तिन्ही वेगळ्या करून तपासता येतात आणि त्यासाठी महागडं काही लागत नाही. ती तपासणी कशी करायची ते पुढे सविस्तर आहे. पण त्याआधी तोंडात नेमकं काय जाणवतंय ते ओळखायला हवं, कारण तिथेच पहिली गल्लत होते.

आधी चवीचं नाव ठरवा

‘कडक लागतेय’, ‘विचित्र लागतेय’ एवढ्यावर काही दुरुस्त करता येत नाही. आंबट आणि कडू या दोन चवींची आपसांत गल्लत फार जण करतात, आणि दोन्हींचे उपाय बरोबर उलटे आहेत. आंबटपणा घोट घेताक्षणी कळतो, जिभेच्या कडांना झोंबतो, तोंडाला पाणी सुटतं आणि तो लवकर ओसरतो. कडूपणा उशिरा येतो, गिळल्यावर जिभेच्या मागे रेंगाळतो. तिसरा प्रकार तुरटपणाचा. कच्चं केळं खाल्ल्यावर जीभ जशी कोरडी, खरखरीत होते तसं काहीतरी वाटतं. ही खरं तर स्पर्शाची जाणीव आहे, आणि बरेच जण तिलाच कडू म्हणतात.

घोट उकळता असताना यातलं काहीही नीट कळत नाही. कप पन्नासेक अंश सेल्सियसवर, म्हणजे आरामात पिता येईल इतका निवू द्या आणि मग पुन्हा चाखा. गरम असताना बरी वाटलेली कॉफी निवल्यावर आंबट निघाली, तर ती आधीपासून आंबटच होती.

अजून एक भेद इथेच करून ठेवा. कॉफी दाट आहे की पातळ हा एक प्रश्न, आणि पुडीतून अर्क किती उतरला हा दुसरा. दाट कॉफीसुद्धा कमी उतरलेली, म्हणून आंबट असू शकते. पातळ कॉफीसुद्धा जास्त उतरून कडू होऊ शकते. पातळ लागली म्हणून दळण बारीक करणारे इथेच फसतात. पातळपणाचा इलाज कॉफी आणि पाण्याच्या प्रमाणात आहे, दळणात नाही.

आणि प्रत्येक आंबटपणा दोष नसतो. केनियाच्या उंचावरच्या कॉफीत जो तरतरीत, फळासारखा आंबटपणा असतो त्यासाठीच लोक ती शोधून घेतात. फरक गोडव्यावरून कळतो. आंबटाच्या मागोमाग गोडवा आला, घोटाला भरीवपणा असला तर ते त्या बियांचं वैशिष्ट्य. नुसता आंबट, किंचित खारट आणि मागे काहीच नाही, तर अर्क कमी उतरला आहे.

वाटीची चाचणी

कॉफी विकत घेणारे व्यापारी आणि भाजणारे कारागीर नमुना पारखायला कपिंग नावाची पद्धत वापरतात. तिच्यात यंत्र नाही, फिल्टर नाही, पाणी ओतण्याचं कसब नाही. चुकायला जागाच नसल्यामुळे ती निदानासाठी उत्तम आहे.

जाड काचेच्या किंवा चिनी मातीच्या दोन सारख्या वाट्या घ्या. प्रत्येकीत ११ ग्रॅम कॉफी, जाडसर रव्याइतकी दळलेली. एका वाटीत रोजचं पाणी, दुसरीत कमी क्षारांचं बाटलीबंद पाणी. बाटलीवरच्या चिठ्ठीवर विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण लिटरला शंभर-दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास असलेलं निवडा. दोन्ही पाणी उकळून अर्धा-पाऊण मिनिट थांबा आणि प्रत्येक वाटीत २०० ग्रॅम ओता, सगळी पूड भिजेल असं. मग हात लावू नका. वर फुगलेल्या पुडीचा जाड थर जमेल. चार मिनिटांनी चमच्याच्या पाठीने तो थर दोन-तीनदा हलकेच मोडा, आणि नाक अगदी जवळ न्या, कारण सगळ्यात जास्त वास या क्षणी सुटतो. पूड खाली बसली की वरचा फेस आणि तरंगणारे कण दोन चमच्यांनी काढून टाका. दहा-बारा मिनिटांनी चमच्याने वरचं पाणी घ्या आणि जोरात सुरका मारा, म्हणजे ते तोंडभर पसरेल. निवेपर्यंत अधूनमधून चाखत राहा.

आता निकाल. दोन्ही वाट्या छान लागल्या आणि तुमचा नेहमीचा कप वाईट, तर बी आणि पाणी दोघेही निर्दोष आहेत, अर्क काढायची रीत तपासा. बाटलीच्या पाण्याची वाटी छान आणि घरच्या पाण्याची वाईट, तर पाणी. दोन्ही वाईट, तर बी. यातलं काय ते कळल्याशिवाय ग्राइंडरचं चाक फिरवूच नका असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

वाटी चांगली, कप वाईट: रीत तपासा

भाजलेल्या कॉफीच्या वजनापैकी साधारण २८ ते ३० टक्केच भाग पाण्यात विरघळू शकतो, बाकीचा चोथा. पण तो सगळा विरघळणारा भाग कपात यावा असंही नाही. अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी १९५० च्या दशकात यावर काम केलं, आणि तेव्हापासून मान्य असलेला पल्ला असा: वजनाच्या १८ ते २२ टक्के भाग उतरावा. आंबट आणि खारट द्रव्यं पाण्यात लवकर उतरतात, गोडवा मागून येतो, जड कडू-तुरट द्रव्यं सगळ्यात शेवटी. आधीच थांबलात तर आंबट, फार ताणलंत तर कडू.

म्हणजे आंबट असेल तर अर्क वाढवा: दळण बारीक, पाणी अधिक गरम, वेळ जास्त. कडू असेल तर उलटं. हे सगळीकडे लिहिलेलं सापडतं आणि ते बरोबरही आहे. तरीही लोक अडकतात, कारण सगळ्यात त्रास देणारा कप आंबट आणि कडू दोन्ही एकदम असतो. तो बारीक दळून सुधारत नाही, जाड दळूनही नाही.

असं होतं कारण अर्क असमान उतरलेला असतो. दळलेली कॉफी बोटांवर घेऊन उजेडात नीट बघा. काही कण मिठाच्या खड्यासारखे मोठे आणि त्यांच्या अंगाला चिकटलेली पिठासारखी धूळ दिसेल. एकाच पाण्यात धूळ काही सेकंदांत सगळा अर्क देऊन कडू होते, आणि मोठ्या कणांचा गाभा धड भिजतही नाही. मिक्सरसारखं पातं असलेल्या ग्राइंडरमध्ये हे अटळ आहे, कारण तिथे बी कापली न जाता फुटते आणि काही तुकडे पुन्हा पुन्हा मार खात राहतात. दोन दातेरी चकत्यांमध्ये बी चिरडणारा बर ग्राइंडर, मग तो हाताने फिरवायचा का असेना, हा सगळ्यात मोठा फरक पाडतो. यंत्रावर पैसे घालण्याआधी ग्राइंडरवर घाला.

बर ग्राइंडर असूनही दिवसागणिक फरक पडत असेल तर आत अडकून राहणारी पूड बघा. दळताना बियांवर स्थिर विद्युतभार तयार होतो, पूड आतल्या भिंतींना चिकटते आणि कालची शिळी पूड आजच्या कपात येते. दळण्याआधी बियांवर पाण्याचे दोन-चार थेंब शिंपडून हलवलं की हा भार बराच कमी होतो. २०२३ मध्ये यावर पद्धतशीर संशोधन झालं आणि कारागिरांची ही जुनी युक्ती खरी ठरली. थेंबच हवेत, भिजवायचं नाही.

असमान अर्काचं दुसरं कारण म्हणजे पाण्याला सापडलेली पळवाट. पोअर ओव्हरमध्ये, म्हणजे फिल्टरमधल्या पुडीवर हाताने पाणी ओतून कॉफी गाळताना, पाणी कडेच्या कागदावर पडलं तर ते पुडीला टाळून थेट खाली जातं. ताज्या कॉफीत भाजताना अडकलेला कार्बन डायऑक्साइड असतो, तो बाहेर पडताना पाण्याला आत शिरू देत नाही. म्हणून आधी पुडीच्या दुप्पट-तिप्पट पाणी घालून तीस ते पंचेचाळीस सेकंद थांबायचं. पूड फुगते, बुडबुडे येतात, मग उरलेलं पाणी. ही पायरी गाळलीत तर ताज्या बियांचा कप हमखास आंबट होतो, आणि आठवड्याने त्याच बिया तशाच चुकीच्या पद्धतीने बऱ्या लागतात, कारण वायू एव्हाना निघून गेलेला असतो.

एस्प्रेसोत ही पळवाट अधिक तापदायक, कारण तिथे यंत्र पुडीतून पाणी ९ बार, म्हणजे हवेच्या साधारण नऊपट दाबाने ढकलतं. पुडीच्या चकतीत बारीकशी भेग पडली की पाणी तिथूनच धावतं. १८ ग्रॅम पुडीतून ३६ ग्रॅम कॉफी २५ ते ३० सेकंदांत हा सुरुवातीचा हिशोब ठीक आहे, पण कप आंबट लागला म्हणून दळण बारीक-बारीक करत गेलात तर एका मर्यादेनंतर प्रवाह आणखी असमान होतो आणि अर्क उलट घटतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे गणिती प्रतिमान आणि प्रयोग दोन्हींनी दाखवलं गेलं. तेव्हा बारीक करूनही आंबटपणा हटत नसेल तर पाऊल मागे घ्या, पूड सुईने मोकळी करून सपाट पसरा आणि मगच दाबा.

प्रमाणाबद्दल थोडक्यात. गाळलेल्या कॉफीसाठी १ ग्रॅम कॉफीला १६ ग्रॅम पाणी इथून सुरू करा, म्हणजे १५ ग्रॅमला २४० ग्रॅम. चमच्याने मोजू नका. गडद भाजलेल्या बिया फुगून हलक्या झालेल्या असतात, त्यामुळे तोच चमचा हलक्या भाजणीला जास्त आणि गडद भाजणीला कमी कॉफी देतो. ‘पद्धत तीच होती’ म्हणणाऱ्या किती जणांची पद्धत इथेच बदललेली असते!

तापमानात एक गोष्ट सहसा कुणी धरत नाही. केटलमधलं पाणी ९४ अंश असलं तरी थंड भांड्यात, थंड पुडीवर पडलं की ते झटकन खाली येतं. भांडं आणि फिल्टर उकळत्या पाण्याने विसळून घ्या. यामुळे कागदाचा वासही जातो. उंचावर राहणाऱ्यांसाठी आणखी एक: समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण १ अंशाने उतरतो. दीड हजार मीटरवर पाणी ९५ च्या आसपास उकळतं, तेव्हा ‘उकळून एक मिनिट थांबा’ हा सल्ला तिथे लागू होत नाही. उकळलं की लगेच ओता.

एक वाटी चांगली, दुसरी वाईट: पाणी

कपात ९८ टक्क्यांहून अधिक पाणीच असतं, तरी ते शेवटी तपासलं जातं. पाण्यातल्या दोन गोष्टी बघायच्या. मॅग्नेशियम आणि कॅल्शियम चवीच्या द्रव्यांना पुडीतून ओढून घेतात. बाथ विद्यापीठातल्या क्रिस्टोफर हेंडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की या कामात मॅग्नेशियम विशेष तरबेज आहे. दुसरी गोष्ट बायकार्बोनेट. ते आम्लाला मारतं. थोडं असेल तर कप संतुलित राहतो, फार असेल तर आंबटपणाबरोबर सगळी जानच जाते आणि कॉफी खडूसारखी सपाट लागते.

यावरून दोन नेहमीच्या तक्रारी उलगडतात. बोअरच्या, केटलच्या तळाशी पांढरा थर धरणाऱ्या पाण्यात महागातली फुलांच्या वासाची कॉफी घातली तरी ती साधीच लागते. बी खराब नसते, तिचं आम्ल पाण्याने गिळलेलं असतं. आणि आरओचं पाणी फार शुद्ध असेल तर क्षारच नसल्यामुळे आंबटपणाला आवर घालणारं काही उरत नाही, आणि कप टोकदार, पोकळ लागतो. उपाय सोपा आहे: जड पाणी आणि आरओचं पाणी मिसळा. एक भाग जड, तीन भाग आरओ इथून सुरुवात करा आणि वाटीच्या चाचणीने प्रमाण ठरवा. आज आंबट, उद्या सपाट असं ज्यांच्याकडे आपोआप होतं, त्यांच्या नळाला कधी एका स्रोताचं तर कधी दुसऱ्या स्रोताचं पाणी येत असण्याची शक्यता मी पहिल्यांदा तपासेन.

क्लोरीनचा वास येत असेल तर साधा कार्बन फिल्टर पुरतो.

दोन्ही वाट्या वाईट: बियांकडे या

इथे शेतापर्यंत मागे जावं लागतं, आणि माझ्या मते कॉफी शिकण्यातला सगळ्यात सुंदर भाग हाच आहे. पिशवीवर देश, उंची, प्रक्रिया, भाजणी असं जे छापलेलं असतं त्यातल्या प्रत्येक शब्दाचा तुमच्या केटलशी थेट संबंध आहे.

कॉफी कर्क आणि मकर वृत्तांच्या दरम्यानच्या पट्ट्यात पिकते. व्यापारात दोन जाती मुख्य: अरेबिका आणि रोबस्टा. अरेबिकाला थंडावा लागतो, ती साधारण हजार ते दोन हजार मीटरवर रमते. रोबस्टा खालच्या उष्ण भागात तग धरते. अरेबिकात कॅफीन १.२ टक्क्यांच्या आसपास, रोबस्टात जवळजवळ दुप्पट. शिवाय रोबस्टात क्लोरोजेनिक आम्लं जास्त आणि साखर कमी, म्हणून तिचा कडूपणा अंगभूत आहे. पिशवीवर ‘ब्लेंड’ एवढंच लिहिलं असेल आणि कितीही जाड दळून कडूपणा हटत नसेल, तर त्यात रोबस्टा किंवा चिकोरी (एका मुळाची भाजलेली पूड) आहे का बघा. ती असली म्हणजे माल वाईट असं मुळीच नाही, फक्त ती काळी, पातळ, नाजूक अशी प्यायची कॉफी नव्हे.

उंचावर रात्री थंड असतात, फळ सावकाश पिकतं आणि बी टणक, घट्ट होते. इथियोपियाच्या यिर्गाचेफे भागातल्या, केनियाच्या किंवा कोलंबियाच्या डोंगरातल्या अशा बियांमधून अर्क काढायला जास्त बारीक दळण आणि जास्त गरम पाणी लागतं. ब्राझीलच्या त्या मानाने कमी उंचीवरच्या, मऊ बियांची दळणाची खूण (ग्राइंडर ज्या आकड्यावर लावला तो) तशीच ठेवून इथियोपियाची कॉफी दळलीत की कप आंबट. नवी पिशवी आली की जुनी खूण विसरायची, हा नियमच करा.

प्रक्रिया म्हणजे फळातून बी काढायची रीत. लाल पिकलेल्या फळात गर, त्याच्या आत चिकट थर, मग पार्चमेंटचं कडक आवरण, त्याखाली पातळ रुपेरी साल आणि मग एकमेकींना सपाट बाजूने टेकलेल्या दोन बिया. वॉश्ड पद्धतीत गर आणि चिकट थर काढून, धुऊन बी वाळवतात. चव स्वच्छ, आंबटपणा स्पष्ट. नॅचरलमध्ये अख्खं फळच उन्हात वाळतं, म्हणून आंबवल्याचा, पिकल्या फळाचा वास येतो. हनीमध्ये चिकट थराचा काही भाग ठेवून वाळवतात. नॅचरल पहिल्यांदा घेणारे ‘कॉफी आंबली’ म्हणून तक्रार करतात, आणि ते स्वाभाविक आहे. ती कॉफी तशीच असते. सुमात्रात बी ओलसर असतानाच पार्चमेंट काढतात, त्यामुळे मातीसारखा, गडद स्वाद येतो आणि आंबटपणा मंद राहतो. मलबारच्या मान्सून्ड कॉफीत पावसाळ्यातली दमट हवा लागून बिया फुगतात, पिवळट पडतात आणि आंबटपणा जवळपास नाहीसा होतो. या दोन्हींतून तरतरीत कप काढायचा प्रयत्न करू नका. जे बियांत नाही ते केटल कुठून आणणार?

आता बियांतले खरे दोष. भाजलेल्या बिया पांढऱ्या ताटात पसरा आणि बोटाने सरकवत बघा. बाकीच्या तपकिरी असताना मधेच एखादी फिकट, पिवळसर, शेंगदाण्याच्या रंगाची दिसली तर ती कच्च्या फळाची बी, तिला क्वेकर म्हणतात. कच्च्या फळात साखर कमी असते, त्यामुळे भाजताना ती रंग धरत नाही. कपात तिच्यामुळे कोरडी, कागदी, टरफलासारखी चव येते. १५ ग्रॅमच्या मापात अशा दोन बिया आल्या तर कप बिघडतो आणि एकही न आल्यास चांगला होतो. ‘एक दिवस बरी, एक दिवस वाईट’ याचं हे फार मोठं आणि दुर्लक्षित कारण आहे. वजन करण्याआधी वेचून टाका, काम मिनिटाचं आहे.

याहून विचित्र प्रकार रवांडा आणि बुरुंडीच्या कॉफीत आढळतो. पिशवी उत्तम असते, आणि एखाद्या दिवशी अचानक कपाला कच्च्या बटाट्याचा वास येतो. अँटेस्टिया नावाच्या किड्याच्या उपद्रवाशी तो जोडला जातो. बी बघून ओळखू येत नाही, आणि एकच बी अख्खा कप बिघडवते. म्हणून या देशांची कॉफी दळल्यावर पाणी ओतण्याआधी पूड हुंगा. बटाट्याचा वास आला तर ती पूड फेकून द्या, ग्राइंडरमधून थोड्या ताज्या बिया फिरवून घ्या आणि नव्याने दळा. त्यासाठी ही कॉफी टाळू नका, तिचा चांगला कप फार गोड असतो.

भाजणीत बी साधारण २०० अंशांजवळ पहिल्यांदा तडकते. हलकी भाजणी तिथून थोडं पुढे थांबते. गडद भाजणी २२५ च्या आसपास दुसऱ्यांदा तडकण्यापर्यंत किंवा पुढे जाते. भाजत जाताना क्लोरोजेनिक आम्लं मोडून आधी सौम्य आणि मग जळजळीत कडू द्रव्यं बनतात. कॅफीनचा कडूपणात वाटा थोडाच आहे. म्हणून गडद बिया ठिसूळ, चटकन उतरणाऱ्या: ८५ ते ९० अंशांचं पाणी, दळण जाड. हलक्या बिया हट्टी: पाणी उकळतं, दळण बारीक.

शिळेपणाबद्दल उलटसुलट सल्ले मिळतात. माझं मत असं की फार ताज्या बियाही त्रास देतात. भाजल्यापासून पहिले चार-पाच दिवस वायू इतका असतो की कप बेभरवशाचा होतो. एक ते चार आठवड्यांचा काळ सर्वांत सुखाचा, हलक्या भाजणीला त्याहून पुढेही चालतं. दळलेली पूड मात्र काही तासांतच बिघडू लागते, तिला आठवड्यांचा हिशोब नाही. पिशवी मोठी असेल तर लागतील तेवढ्या बियांच्या हवाबंद पुड्या करून फ्रीझरमध्ये ठेवा आणि एकेक पुडी काढा. उघड-झाक करत राहिलेला डबा फ्रीझरमध्ये ओल धरतो.

भांड्यांचे खास हट्ट

मोका पॉट (खालच्या भागातलं पाणी वाफेच्या दाबाने पुडीतून वर चढवणारं शेगडीवरचं भांडं) नेहमी कडू देत असेल तर खालच्या भागात थंड पाणी भरणं थांबवा. पाणी तापेपर्यंत वरची कोरडी पूड धातूच्या उष्णतेने तापत राहते. गरम पाणी भरा, पूड दाबू नका, आच मंद ठेवा आणि फुरफुर सुरू होण्याआधी उतरवा. ती फुरफुर म्हणजे वाफ, आणि कडूपणाचा बराचसा भाग तिच्याबरोबर येतो.

फ्रेंच प्रेसमध्ये, म्हणजे जाळीचा दट्ट्या असलेल्या भांड्यात, गाळ आणि जडपणा ही तक्रार. चार मिनिटांनी वरचा थर मोडा, फेस काढा, आणखी पाच मिनिटं तसंच ठेवा, मग दट्ट्या तळापर्यंत न दाबता अलगद ओता. जाळीतून तेलं आणि बारीक कण येणारच. ते नको असतील तर कागदी फिल्टरच हवा. मेलिटा बेंट्झ यांनी १९०८ मध्ये जर्मनीत टीपकागद वापरून तो शोधला तो नेमक्या याच तक्रारीपायी.

कुठलंही भांडं असो, आतल्या भिंतीवर बोट फिरवा. तपकिरी, चिकट लागलं तर ते जुनं खवट तेल आहे, आणि कितीही चांगली बी आणली तरी मागे एक खवट कडू छटा राहीलच. नुसत्या पाण्याने ते जात नाही, गरम पाणी आणि साबण लागतोच.

पिशवी संपत येताना

सगळं जमलं, तरी तिसऱ्या आठवड्यात कप हळूहळू मंद होतो. बियांतला वायू कमी झालेला असतो, पाणी पुडीतून लवकर उतरतं आणि एकूण वेळ घटतो. घड्याळ लावून बनवत असाल तर हे चव बिघडायच्या आधीच दिसतं: पोअर ओव्हरला तीन मिनिटं लागायची तिथे अडीच लागू लागतात. दळण एक खूण बारीक करा, बाकी काहीही बदलू नका, आणि वेळ पुन्हा तीन मिनिटांवर येतो का बघा. खूण, वेळ आणि निवल्यानंतरची चव पिशवीवरच पेन्सिलने लिहीत जा. पुढच्या वेळी त्याच प्रदेशाची, त्याच भाजणीची पिशवी आणलीत की सुरुवात त्या आकड्यांपासून करा.